अक्षांशाला न जुमानणारं बाटुमी

कर्कवृत्त ओलांडून उत्तरेला निघालं की साधारण पस्तिसाव्या अक्षवृत्तापर्यंतचा मुलूख उपोष्ण कटिबंधीय समजायचा, अशी भूगोलाच्या पुस्तकांतली ढोबळ रीत आहे. या रीतीनं पाहिलं तर जॉर्जिया देशातल्या बाटुमीला त्या यादीत जागाच मिळू नये. काळ्या समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यातलं हे बंदर ४१ अंश ३८ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे आपल्या श्रीनगरपेक्षाही सात अंशांनी उत्तरेला. हिवाळ्यात बर्फाच्या वादळांनी ठप्प होणारं न्यूयॉर्क बाटुमीच्या थोडं दक्षिणेलाच पडतं. तरीही बाटुमीच्या आसपासच्या टेकड्यांवर चहा होतो, बांबूची बेटं माजतात आणि घरोघरच्या परसात मँडरिनची झाडं नोव्हेंबरात फळांनी लगडतात. मँडरिन म्हणजे आपल्या नागपुरी संत्र्याच्याच कुळातलं फळ. जानेवारीचं सरासरी तापमान ७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. पाऊस वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर, जवळजवळ मुंबईइतका. देशाची राजधानी तिबिलिसी त्याच अक्षांशावर सरळ पूर्वेला आहे. तिथं वर्षभरात जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो.

सूर्य किती वर चढणार आणि दिवस किती मोठा असणार, एवढंच अक्षांश सांगतो. हवा कुठून येणार, वाटेत तिला काय लागणार, ती कुठं अडणार आणि कुठून निसटणार, हे डोंगर आणि पाणी ठरवतात. ही गोष्ट समजून घ्यायला बाटुमीइतकं चांगलं गाव मला तरी दुसरं माहीत नाही.

नकाशा उघडून काळ्या समुद्राचं पूर्वेचं टोक शोधा. त्याच्या उत्तरेला बृहत् कॉकेशसची रांग काळ्या समुद्रापासून कॅस्पियनपर्यंत बाराशे किलोमीटर पसरली आहे आणि तिच्यात पाच हजार मीटरहून उंच शिखरं आहेत. हिवाळ्यात रशियाच्या सपाट गवताळ प्रदेशावर गोठवणारी हवा साठते. थंड हवा जड असते, ती जमिनीलगत पसरते; एवढी उंच भिंत चढून पलीकडे उतरणं तिला सहसा जमत नाही. पूर्वेला लिखीची रांग आहे. ती बृहत् कॉकेशस आणि लघु कॉकेशस यांना जोडते आणि पूर्व जॉर्जियाची कोरडी, थंड हवा अडवते. दक्षिणेला लघु कॉकेशसच्या रांगा आहेत आणि त्यांच्या पाठीशी तुर्कस्तानातले पाँटिक पर्वत, ज्यांचं सर्वांत उंच शिखर काच्कार ३,९३७ मीटरचं आहे. तीन बाजूंनी असा बंदोबस्त आणि चौथी बाजू, पश्चिमेची, समुद्राला मोकळी. मधे उरला तो कोल्खेतीचा त्रिकोणी सखल प्रदेश. ग्रीक पुराणकथेतला जेसन सोनेरी लोकर शोधत आला तो कोल्किस हाच.

या त्रिकोणाच्या दक्षिण कोपऱ्यात बाटुमी आहे. इथं मैदान निमुळतं होत होत संपतं आणि डोंगर जवळजवळ पाण्यात पाय सोडून बसतात. समुद्रकाठच्या रस्त्यावर उभं राहून पाठ फिरवली तर हिरवे डोंगर इतके जवळ दिसतात की कोकणातल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटावं.

पावसाचं कारणही ओळखीचंच आहे. काळा समुद्र पूर्व-पश्चिम अकराशे किलोमीटरहून लांब आहे. पश्चिमेकडून निघालेला वारा एवढ्या पाण्यावरून येता येता बाष्पानं जड होतो आणि बाटुमीशी आला की त्याच्यापुढे एकच वाट उरते, वर चढायची. वर चढलेली हवा थंड होते, बाष्प सुटतं, पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर जून ते सप्टेंबर हेच घडतं. बाटुमीच्या ईशान्येला म्तिराला नावाचा डोंगर आहे. उंची चौदाशे मीटरसुद्धा नाही, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमी. पण तिथं वर्षाला साडेचार हजार मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. युरोपच्या आसपासच्या मुलखात एवढा पाऊस फार थोड्या ठिकाणी पडतो. आणि सह्याद्रीसारखीच इथंही पर्जन्यछाया आहे. बाटुमीहून आत, पूर्वेला निघालेला रस्ता अजारा प्रांताच्या डोंगरांतून चढत २,०२५ मीटर उंचीच्या गोदेर्द्झी खिंडीत पोचतो आणि पलीकडे अखलत्सिखेच्या बाजूला उतरतो. खिंडीच्या अलीकडे शेवाळानं मढलेली झाडं, पलीकडे उघडे, पिवळसर डोंगर. महाबळेश्वरहून वाईमार्गे फलटण-माणकडे गेलेल्या वाचकाला आणखी काही सांगायला नको.

एक फरक मात्र फार मोठा आहे. आपला पाऊस ऋतूचा आहे. वाऱ्याची दिशा फिरली की तो येतो, पुन्हा फिरली की जातो, आणि उरलेले आठ महिने जमीन त्याची वाट पाहते. बाटुमीला पावसाळाच नाही, कारण तिथं कोरडा ऋतू नाही. सर्वांत कमी पावसाचा महिना मे, आणि त्यातही नव्वद मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. सर्वांत जास्त पावसाचे महिने सप्टेंबर ते डिसेंबर. एकट्या सप्टेंबरात तीनशे मिलिमीटरहून अधिक. हवामानाच्या वर्गीकरणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या केपेनच्या पद्धतीत बाटुमी ‘दमट उपोष्ण कटिबंधीय’ या गटात बसतं, ते याच दोन कारणांनी: हिवाळा सौम्य आणि कोरडा महिना एकही नाही. केपेननं अक्षांशाऐवजी तापमान आणि पाऊस पाहिले, म्हणून बाटुमीला न्याय मिळाला.

पाऊस शरदात का वाढतो, हे पाहण्यासारखं आहे. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. ऑगस्टच्या अखेरीस काळ्या समुद्राचा पृष्ठभाग २५-२६ अंशांपर्यंत तापलेला असतो. सप्टेंबरात वायव्येकडून थंड हवेचे पहिले लोट येऊ लागतात. खाली ऊन पाणी, वर थंड हवा. अशा वेळी हवा अस्थिर होते, बाष्प झपाट्यानं वर चढतं, मोठे ढग उभे राहतात आणि डोंगराला भिडून रिकामे होतात. वसंतात उलट. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापू लागते, पण समुद्र अजून हिवाळ्याच्या थंडीतून पुरता बाहेर आलेला नसतो. थंड पाण्यावरची हवा जागच्या जागी बसून राहते, वर चढत नाही, म्हणून पाऊस घटतो. एकाच समुद्राच्या उष्णतेचा हा हिशेब. सप्टेंबरात तो जमा दाखवतो, मे महिन्यात बाकी. हिवाळ्यात हाच साठा किनाऱ्याला ऊब देतो. फेब्रुवारीतही पाण्याचं तापमान ८-९ अंशांखाली फारसं जात नाही, त्यामुळे बाटुमीचा समुद्र गोठत नाही. काळ्या समुद्राच्या वायव्य टोकाला, ओडेसाच्या बाजूला, कडक हिवाळ्यांत काठावर बर्फ धरतं. समुद्र एकच, पण तिथं डोंगरांची भिंत नाही.

हिवाळ्यात कधीकधी आणखी एक वारा येतो. पूर्वेकडच्या पठारांवर हवेचा दाब वाढला की हवा डोंगरमाथ्यावरून समुद्राच्या दिशेनं खाली घसरते. खाली येताना ती दाबली जाते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंशानं तापते. आल्प्समध्ये या वाऱ्याला फॉन म्हणतात, हवामानशास्त्रानंही तेच नाव घेतलं आहे. भर जानेवारीत बाटुमीत पारा विशीच्या वर जातो तो यामुळे. फळबागायतदाराला हा वारा नकोसा असतो, कारण झाडं फसतात, कळ्या लवकर फुगतात आणि मग खरी थंडी येऊन त्या जाळते. बर्फही पडतं, आणि काही वर्षी भरपूर पडतं. ओलं, जड बर्फ पाम वृक्षांच्या झावळ्यांवर साचलेलं पाहणं हा बाटुमीतला नेहमीचा नसला तरी माहितीतला प्रसंग आहे.

आता समुद्राकडे वळू. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला बाटुमीच्या समुद्रात दोन गोष्टी खटकतील. पहिली, भरती-ओहोटी जवळजवळ नाही. काळा समुद्र जमिनीनं वेढलेला आहे आणि बॉस्फरसच्या अरुंद वाटेनंच बाहेरच्या पाण्याशी जोडलेला आहे, त्यामुळे पाण्याची पातळी दिवसात काही सेंटिमीटरच हलते. खाजणं नाहीत, ओहोटीला उघडे पडणारे खडक नाहीत, तिथीवर चालणारी मासेमारीही नाही. दुसरी, पाणी कमी खारट. मोठ्या नद्या गोडं पाणी ओततात, म्हणून वरच्या थराची क्षारता महासागराच्या निम्मीच, हजारी १७-१८ च्या आसपास असते. हे हलकं पाणी भूमध्य समुद्रातून येणाऱ्या जड, खारट पाण्यावर तरंगत राहतं आणि दोन्ही थर नीट मिसळत नाहीत. परिणामी दीडशे-दोनशे मीटरच्या खाली प्राणवायू उरत नाही, हायड्रोजन सल्फाइड साठतो आणि सूक्ष्मजीव सोडले तर तिथं जीवन नाही. दोन हजार मीटरहून खोल असलेल्या या समुद्राचा जिवंत भाग म्हणजे वरची एक पातळ साय.

किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. हे गोटे चोरोखी नदीची देणगी. ही नदी ४३८ किलोमीटर लांब, पण तिचा बहुतेक प्रवाह तुर्कस्तानात आहे. शेवटचा छोटा टप्पा जॉर्जियात उतरतो आणि बाटुमीच्या थोडं दक्षिणेला समुद्राला मिळतो. हजारो वर्षं तिनं डोंगर फोडून आणलेले दगड लाटांनी उत्तरेकडे सरकवले आणि त्यातून बाटुमी ज्या सपाटीवर वसलं ती सपाटी तयार झाली. गेल्या काही दशकांत तुर्कस्ताननं या नदीवर धरणांची मालिका बांधली. त्यातलं देरिनेर २४९ मीटर उंच आणि युसुफेली २७५ मीटर उंच. जगातल्या सर्वांत उंच धरणांत त्यांची गणना होते. पाणी पुढे येतं, दगड मागे अडतात. त्यातच बाटुमीच्या भूशिराजवळ समुद्रतळाची एक खोल घळ किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन भिडली आहे; वाहत आलेली खडी तिच्यात घसरली की कायमची गेली. जमा थांबली आणि खर्च चालूच राहिला, म्हणून शहराच्या दक्षिणेकडचा किनारा झिजतो आहे. खडी आणून टाकून तो राखण्याचे प्रयत्न सोव्हिएत काळापासून झाले, पण नदीचं काम ट्रकनं किती दिवस करायचं? धरण बांधताना विजेचा आणि पाण्याचा हिशेब मांडला जातो, गाळाचा आणि दगडांचा मांडला जात नाही, आणि त्याची किंमत नदीच्या मुखाशी राहणारे लोक देतात. माझ्या मते बाटुमीच्या भूगोलातलं सर्वांत गंभीर प्रकरण हेच आहे.

या कोपऱ्याची सर्वांत मोठी श्रीमंती मात्र त्याच्या जंगलात आहे. गेल्या पंचवीस लाख वर्षांत हिमयुगं पुन्हा पुन्हा आली. युरोपातली पूर्वीची ऊबदार, दमट जंगलं त्यांत नष्ट झाली. ज्या थोड्या कोपऱ्यांत ती तग धरून राहिली, त्यांतला एक कोल्खेतीचा. जे डोंगर आज थंडी अडवतात त्यांनीच तेव्हाही अडवली आणि समुद्रानं ओल पुरवली. म्हणून इथं बीच आणि चेस्टनटच्या सावलीत सदाहरित झुडपांची दाट जाळी आढळते: जांभळ्या फुलांचा पाँटिक ऱ्होडोडेंड्रॉन, चेरी लॉरेल, बॉक्सवुड. उंगर्नचा ऱ्होडोडेंड्रॉन तर या डोंगरांपलीकडे सहसा सापडतच नाही. पाँटिक ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांत एक विष असतं आणि ते मधात उतरतं. इसवी सन पूर्व ४०० च्या सुमारास झेनोफनचं ग्रीक सैन्य या किनाऱ्याच्या पश्चिमेला, आजच्या त्राब्झोनजवळ पोचलं, तेव्हा सैनिकांनी तिथला मध खाल्ला आणि ते झिंगून पडले. दोन-चार दिवसांत सावरले. तो मध त्या बाजूला आजही निघतो.

२०२१ मध्ये युनेस्कोनं कोल्खेतीची ही पर्जन्यवनं आणि पाणथळ जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरपर्यंतची सात ठिकाणं त्यात आहेत. त्यांतली मला सर्वांत विलक्षण वाटते ती बाटुमीच्या उत्तरेला कोबुलेतीजवळची इस्पानीची दलदल. ही शेवाळाची दलदल आहे. नदी किंवा झरा तिला पाणी देत नाही, ती पूर्णपणे पावसावर जगते. सच्छिद्र शेवाळाच्या जाड थरातून पाणी सर्वत्र सारखं झिरपत राहतं. हे शक्य होतं ते पाऊस वर्षभर विभागून पडतो म्हणून. आपल्याकडे त्याहून दुप्पट पाऊस पडणारी ठिकाणं आहेत, पण आठ महिन्यांच्या खंडात असं शेवाळ वाळून जाईल. विसाव्या शतकात कोल्खेतीच्या कितीतरी दलदली मलेरिया हटवण्यासाठी आणि शेतीसाठी कालवे खणून, निलगिरी लावून कोरड्या केल्या गेल्या. मलेरिया हटणं गरजेचं होतं. तरी इस्पानी वाचली हे भाग्यच.

माणसानं इथं बाहेरून आणलेल्या झाडांची गोष्टही कमी रंजक नाही. खार्किव विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक आंद्रेई क्रास्नोव १८९५ मध्ये चहाची लागवड अभ्यासायला निघालेल्या मोहिमेबरोबर भारत, श्रीलंका, चीन आणि जपान हिंडून आले. जगातल्या दमट उपोष्ण प्रदेशांची हवा एकमेकींसारखी असेल तर एकीकडची झाडं दुसरीकडे वाढायला हवीत, असं त्यांना वाटत होतं. बाटुमीपासून नऊ किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या एका डोंगरउतारावर त्यांनी वनस्पती उद्यान उभारलं. ते ३ नोव्हेंबर १९१२ रोजी सुरू झालं. शंभर हेक्टरांहून मोठ्या या बागेत पूर्व आशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको, दक्षिण अमेरिका असे प्रदेशवार विभाग आहेत आणि हिमालयाचाही एक आहे. क्रास्नोव दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये वारले. त्यांची समाधी त्याच बागेत आहे.

चहा त्यांच्याही आधी आला होता. रशियन चहाव्यापारी पोपोव यांच्या निमंत्रणावरून १८९३ मध्ये ल्यू जुनझोउ हे चिनी चहातज्ज्ञ इथं आले आणि बाटुमीजवळच्या चाक्वीत त्यांनी मळे उभे केले. प्रोकुदिन-गोर्स्की या छायाचित्रकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपलेल्या रंगीत चित्रांत ल्यू आणि चहा खुडणाऱ्या स्त्रिया आजही पाहता येतात. हवेइतकाच मातीचाही यात वाटा होता. इथली टेकड्यांवरची माती ज्वालामुखीच्या खडकाची, भरपूर पावसात धुऊन लाल आणि आम्लधर्मी झालेली; कोकणातल्या जांभ्याच्या मातीशी तिचं नातं आहे. चहाला हीच माती मानवते. सोव्हिएत संघातला बहुतेक चहा जॉर्जियात पिकू लागला. पुढे १९२० च्या दशकात तुर्की कृषितज्ज्ञ झिहनी देरिन यांनी बाटुमीहून चहाचं बी तुर्कस्तानातल्या रिझेला नेलं, आणि आज चहाच्या मोठ्या उत्पादक देशांत गणला जाणारा तुर्कस्तान त्या बियांचा ऋणी आहे. खुद्द जॉर्जियात मात्र यंत्रांनी ओरबाडलेल्या पानांमुळे चहाचा दर्जा घसरला, १९९१ नंतर बाजारपेठ तुटली आणि मळ्यांवर नेचे आणि काटेरी वेली चढल्या. अलीकडे काही मळे पुन्हा साफ होत आहेत.

एवढ्या पावसाची दुसरी बाजू डोंगरातल्या लोकांना ठाऊक आहे. उतार तीव्र, माती खोल आणि ओली. जिथं झाडं तुटली तिथं दरडी सुटतात. १९८९ च्या एप्रिलमध्ये अजाराच्या खुलो भागातल्या त्साब्लाना गावावर दरड कोसळून वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर अनेक कुटुंबांना डोंगर सोडून देशाच्या दुसऱ्या भागांत जावं लागलं. माळीण आणि तळीये पाहिलेल्या महाराष्ट्राला हे दुःख परकं नाही. खाली शहरात गेल्या वीस वर्षांत समुद्राच्या तोंडावर उंच इमारतींची रांग उभी राहिली आहे. दिवसा समुद्राकडून आणि रात्री डोंगराकडून वाहणारा वारा हाच या दमट गावाचा खरा दिलासा. त्याच्याच वाटेवर भिंती बांधणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

या डोंगर-समुद्राच्या चिमटीचा सर्वांत मोठा देखावा आकाशात दिसतो. गरुड, घारी, मधुबाज असे मोठ्या पंखांचे शिकारी पक्षी उन्हानं वर चढणाऱ्या हवेवर तरंगत स्थलांतर करतात. समुद्रावर तशी हवा मिळत नाही, आणि आतले उंच डोंगर बहुधा ढगांत असतात. रशियाकडून आफ्रिकेकडे निघालेल्या या पक्ष्यांना उरते ती किनारा आणि ढग यांच्यामधली अरुंद पट्टी, आणि ती बाटुमीवरून जाते. २००८ पासून सखलवाशो आणि शुआम्ता या गावांमधल्या टेकड्यांवरून त्यांची पद्धतशीर मोजणी होते. दर शरदात दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात. जगात असं फार थोड्या ठिकाणी घडतं.

वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जियात गेलेल्या भारतीय मुलामुलींत मराठीही आहेत, आणि त्यांतली काही बाटुमीत शिकतात. त्यांना भेटायला किंवा नुसतं पाहायला जायचं ठरवलंत तर मोकळ्या आकाशासाठी मे महिना निवडा. पक्षी पाहायचे असतील तर सप्टेंबरला पर्याय नाही. तो सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक आहे, तेव्हा छत्रीबरोबर हाताशी तीन-चार दिवस जादाही ठेवा.